व्हीएस कोड ह्या कोड एडिटरसाठी केलेल्या प्लगिनमधून (जोड-प्रोग्राममधून) फाइलच्या पहिल्या ओळीत शब्दसंख्या लिहितोय, पण एक अक्षर टाइप केलं की एडिटर लटकतो. काय चुकतंय?

भावा, तू त्या चेंजच्या इव्हेंटच्या (फाइल बदलली की एडिटर प्लगिनला देतो ती खबर) आतूनच फाइलमध्ये लिहितोयस ना, मग तेही एडिटरच्या लेखी बदलच, परत इव्हेंट, परत तू लिहिणार, घाण्याचा बैल नुसता.

मी पण ह्यात दोन रात्री घालवल्यात. आमच्या काकांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे, सौद्याच्या याद्या ते साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतात (का ते विचारू नकोस), आकडे मराठीत पाहिजेत आणि हात बसलाय इंग्रजी कीबोर्डवर. म्हटलं टाइप करतानाच बदलून देऊ. माझा लूप नाही झाला, कारण आकडा एकदा मराठी झाला की बदलायला काही उरत नाही, पण दर चुकला म्हणून काकांनी कंट्रोल झेड दाबलं की इंग्रजी आकडा परत यायचा आणि प्लगिन लगेच तो मराठी करायचं, म्हणजे अन्डू होतच नाही. काका म्हणाले, कंप्युटर हट्टाला पेटलाय.

तर इव्हेंट आला की आधी बघ, बदल कशामुळे झालाय. त्यात रीझन असतं, अन्डू किंवा रीडू असेल तर तिथूनच माघारी फिर. कंटेंट-चेंजेस (मजकुरातल्या बदलांची यादी) रिकामं असेल तरी फिर, कारण नुसती फाइल सेव्ह झाली तरी हा इव्हेंट येतो. स्वतःच्या लिखाणासाठी एक फ्लॅग (हो-नाहीची खूण) ठेव, एडिट करायच्या आधी ट्रू आणि ते पूर्ण झाल्यावर फॉल्स, पण तिथं अवेट (एडिट संपेपर्यंत थांब असं सांगणारा शब्द) विसरलास तर फ्लॅग आधीच खाली येतो आणि इव्हेंट मागनं येतो, माझी एक अख्खी रात्र ह्यातच गेली. शिवाय माणूस मधेच टाइप करत असेल तर एडिट काही न लिहिता नुसतं फॉल्स देऊन मोकळं होतं, म्हणून दर अक्षराला लिहू नकोस, ३०० मिलिसेकंदांचा टायमर लाव, नवा इव्हेंट आला की जुना टायमर रद्द.

आणि हां, आउटपुट पॅनेलमध्ये लॉग लिहीत असशील तर ते पण डॉक्युमेंटच, त्याचाही इव्हेंट तुलाच येतो. डॉक्युमेंटच्या यूआरआयची (पत्त्याची) स्कीम, म्हणजे पत्त्याचा पहिला शब्द, 'फाइल' आहे का बघ, नसेल तर सोडून दे.

पण खरं सांगू का, शब्दसंख्या फाइलमध्ये लिहायचीच कशाला? खाली स्टेटस बारमध्ये दाखव की, तिथं कितीही वेळा लिही, हा इव्हेंट येतच नाही.