पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय? आधी पुसून घे, मग शोध

मित्रा, पंप बदलायची घाई करू नकोस. जुन्या गाडीत सगळंच तेलकट झालेलं असतं आणि गळती वर असली तरी थेंब खाली, मागे कुठेतरी पडतो. त्यामुळे पंप, पाइप, रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा आडवा भाग) सगळं डिग्रीजरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, धुऊन कोरडं कर. टाकीत ऑइल खुणेपर्यंत भर, खाली पुठ्ठा टाक, इंजिन चालू ठेव आणि कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग. टोकाला दाबून धरू नका, दाब फार वाढतो. तू टॉर्च घेऊन बघ, पण बोटाने चाचपू नकोस. प्रेशर पाइपातून (पंपाकडून रॅककडे दाबाने ऑइल नेणारा) बारीक फवारा उडत असेल तर तो कातडीत घुसतो.

बहुतेक वेळा रिटर्न पाइपाचा (ऑइल टाकीत परत आणणारा) क्लॅम्प ढिला असतो किंवा रबर कडक होऊन चिरलेलं असतं. तसं निघालं तर स्वस्तात सुटलास. पंपाच्या पुलीच्या मागे ओल दिसली तर पंपाचं शाफ्ट सील (फिरणाऱ्या दांड्याभोवतीची रबरी कडी) गेलंय. रॅकच्या टोकाचे रबरी बूट मात्र इंजिन बंद करून नक्की दाबून बघ. पिचपिचीत लागले, आत ऑइल साचलेलं असेल, तर रॅकचं सील गेलंय आणि काम मोठं आहे.

टाकीत फेस आणि वळवताना घुंईऽऽ आवाज येत असेल तर ऑइल कमी झालंय किंवा सक्शनच्या बाजूने (पंप टाकीतून ऑइल ओढतो तिथून) हवा शिरतेय. तिथे बाहेर थेंबही दिसणार नाही कदाचित.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. फाटलेला पाइप त्याने सांधत नाही.