जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनाला मागचा दिवा कसा लावायचा?

प्रश्न: भावाने अमेरिकेहून आणलेलं अ‍ॅथर्नचं जुनं ‘ब्लू बॉक्स’ एचओ (1:87 मापाचं) मॉडेल डिझेल इंजिन माझ्याकडे आहे, साध्या डीसी कंट्रोलरवर चालतं. पुढचा दिवा दोन्ही दिशांना पेटतो आणि मागे काहीच नाही. रिव्हर्स घेतलं की फक्त मागचा दिवा लागेल असं करता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नक्की येईल, आणि डीकोडर (इंजिनात बसणारं डिजिटल कंट्रोलचं छोटं सर्किट) न घालता येईल. डीसीवर दिशा ठरते ती रुळांच्या पोलॅरिटीवर, उजवा रूळ पॉझिटिव्ह असला की इंजिन पुढे जातं, उलट केलं की मागे. बल्बला करंट कुठूनही आला तरी चालतो म्हणून तो दोन्हीकडे पेटतो, एलईडी मात्र एकाच दिशेने पेटतो, त्यामुळे निम्मं काम तोच करून टाकतो.

3 मिमीचे दोन वॉर्म व्हाइट एलईडी घ्या (निळसर पांढरे अजिबात नकोत, जुन्या डिझेलचा सगळा लूक जातो) आणि 1 किलोओहमचा पाव वॅटचा एक रेझिस्टर. एका एलईडीचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, असे दोघं उलटसुलट जोडायचे आणि दोघांच्या वाटेत तो एकच रेझिस्टर. 12 व्होल्टला साधारण 9 मिलिअँपिअर जातात, भरपूर उजेड पडतो. या जोडीचा अजून एक फायदा म्हणजे एलईडीला उलटे 5 व्होल्टच्या वर सहसा झेपत नाहीत, पण इथे एक पेटला की दुसऱ्यावर जेमतेम 3 व्होल्ट येतात, म्हणजे दोघं एकमेकांना सांभाळतात. एकच एलईडी लावणार असाल तर सोबत सिरीजमध्ये 1एन4148 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच.

ब्लू बॉक्समध्ये एका बाजूचा करंट मेटलच्या फ्रेममधून येतो आणि दुसऱ्या बाजूचा मोटरवरच्या पत्र्याच्या पट्टीतून. एक वायर पट्टीला, एक फ्रेमला, झालं. पण एलईडीचे उघडे पाय फ्रेमला टेकले की शॉर्ट, म्हणून सगळीकडे हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. बॉडी बसवायच्या आधी रुळावर चालवून बघा, दिवे उलटे लागले तर पट्टीची आणि फ्रेमची वायर अदलाबदल करा.

बॉडीला आतून आधी काळा रंग मारा आणि त्यावर पांढरा, नाहीतर अख्खी केबिन चमकते, हे काम कंटाळवाणं आहे पण कृपया टाळू नका.

पुढे कधी डीसीसीवर (डिजिटल कंट्रोलवर) जायचा विचार असेल तर मात्र दोन्ही एलईडींना आत्ताच वेगळा रेझिस्टर आणि वेगळ्या वायर द्या, कारण डीकोडरची निळी वायर दोघांना कॉमन पॉझिटिव्ह, पांढरी पुढच्या दिव्याची आणि पिवळी मागच्याची. आणि तेव्हा मोटर फ्रेमपासून पूर्ण इन्सुलेट केल्याशिवाय डीकोडर जोडू नका, जळतो.

प्रश्न: मी जर्मनीत राहते, बाबांसाठी जुनं मार्कलिन कंपनीचं एसीवर चालणारं मॉडेल इंजिन घेतलंय. त्यालाही हीच युक्ती चालेल का? – एक वाचक

उत्तर: नाही चालणार ताई. तिथे रुळात एसी असतो म्हणून उलटसुलट जोडलेले दोन्ही एलईडी कायम पेटलेले दिसतील. दिशा बदलते ती 24 व्होल्टच्या झटक्याने, इंजिनातल्या रिव्हर्सिंग स्विचमधून, रुळांच्या पोलॅरिटीचा तिथे संबंधच नाही. माझ्या मते तुम्ही सरळ डिजिटल डीकोडर बसवून घ्या, दिवेही होतील आणि बाबांना हळू चालवायला इंजिन जास्त चांगलं वाटेल.