ब्राह्मीची डबी

पूर्वपरीक्षा जवळ आली की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून माझ्याकडे हमखास एक प्रश्न येतो: स्मरणशक्तीच्या गोळ्या घ्याव्यात का? मागे एक मुलगा आला (तपशील बदललेत), बीडकडचा, एमपीएससीचा तिसरा प्रयत्न. सॅकमधून ब्राह्मीच्या कॅप्सूलची डबी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, काल वाचलेलं आज आठवंना. रूममेट म्हणतो, यानं मेंदूतलं केमिकल वाढतं."

रूममेट अगदीच हवेत बोलत नव्हता. अ‍ॅसिटिलकोलिन हे आठवणीच्या कामातलं रसायन. ते मोडणारं विकर (एन्झाइम) ब्राह्मीनं मंदावतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण उंदीर एमपीएससीला बसत नाहीत. माणसांवरचा पुरावा आहे, तो बेताचा. ऑस्ट्रेलियात २००२ च्या एका अभ्यासात ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांतल्या काहींना तीन महिने ब्राह्मी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. ब्राह्मीवाले नव्यानं शिकलेलं जरा कमी विसरले. शिकण्याचा वेग मात्र तेवढाच राहिला. (स्मरणशक्तीसाठीच विकला जाणारा जिंको झाडाच्या पानांचा अर्क, त्याचं तर नावच नको. अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांवर सहा वर्षं पारखून पाहिला. स्मृतिभ्रंश टळला नाही.)

परीक्षा पाच आठवड्यांवर होती. हिशोब त्यानंच केला. "म्हणजे गुण आलाच तर परीक्षेनंतर!"

मग मी डबी बाजूला सारून त्याचा दिवस विचारला. झोपायला रात्रीचे दोन, सहाला जागा धरायला अभ्यासिकेत. सात-आठ चहा. घरून फोन आला की पोटात गोळा, आणि पुढचा तासभर डोळे नुसतेच ओळींवरून फिरायचे. वाचलेलं पक्कं व्हायला लागते ती झोप. तीच त्यानं कापली होती. जाता जाता म्हणाला, कॅप्सूल चार दिवस घेतल्यात, पोट बिघडलंय. ब्राह्मीनं होतं तसं. थायरॉइड, फिट किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर मी आधी डॉक्टरांनाच विचारायला लावते. विसरण्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता नाही ना, हे तपासायला याला पाठवलं. ते ठीक निघालं.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. बाराला दिवा बंद. आणि पुन्हापुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर उतरवायचं. सुरुवातीला तो वैतागला, कारण कागद निम्मा कोराच राहायचा. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तो भ्रम तिथं फुटतो.

तिसऱ्या भेटीत डबीचं विचारलं. रूममेटला विकली म्हणे, अर्ध्या किमतीत.