पिकअप सोडून लाँग रूटच्या ट्रकवर जायचंय, नवीन ड्रायव्हरने काय काय बघावं?

तू लिहिलंयस की वय २४ आहे, चाकण-रांजणगाव भागात पिकअप चालवतोस, आता मोठ्या गाडीवर लांबच्या लाइनला जायचंय, घरचे नको म्हणतायत आणि पगार किती मागावा ते कळत नाहीये. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. मी पुणे-बंगलोर आणि पुणे-इंदूर-दिल्ली या लाइनवर बरीच वर्षं काढलीत, अजूनही गाडीवरच आहे, त्यामुळे जे रोज दिसतं तेच सांगतो.

पगाराचं नंतर बोलू, आधी मालक बघ. नवीन पोरं चार पैसे जास्त मिळतात म्हणून मिळेल त्या गाडीवर चढतात आणि तिथेच वाट लागते, कारण पहिल्या वर्षात जी सवय लागते ती पुढे सुटत नाही आणि ती सवय मालकच लावतो. जो शेठ रात्री दोनला फोन करून "अजून तिथेच का उभा" विचारतो त्याच्या गाडीवर तू कधी नीट झोपणार नाहीस, आणि ज्याच्या गाडीच्या ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे) संपलेत तरी "ही एक ट्रिप मार मग बघू" म्हणतो त्याच्याकडे तू घाट उतरायला शिकणार नाहीस, देवाचं नाव घ्यायला शिकशील. शेठ ऑफिसात काय सांगतो ते ऐकून हो म्हणू नकोस. बाहेर पार्किंगला त्याचे ड्रायव्हर चहा पीत बसलेले असतात, त्यांना विचार की हिशोब वेळेवर होतो का, गाडीतला माल उतरायला दोन दिवस लागले तर त्याचे पैसे देतो का, टायर मागितला तर मिळतो का. आणि ड्रायव्हर त्याच्याकडे किती टिकतात ते बघ. सहा महिन्यांत सगळे नवे चेहरे असतील तर मागे फिर.

लायसन्सचं थोडक्यात. ट्रान्सपोर्ट लायसन्सला वय २० पूर्ण लागतं आणि त्याआधी एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं पाहिजे, ते तुझं आहेच. हेवीसाठी ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५, म्हणजे ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं, ते नुसतं पैसे देऊन आणू नकोस, खरंच स्टिअरिंगवर बसून शीक. ट्रान्सपोर्ट लायसन्स ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. गॅस, पेट्रोल, केमिकलचा टँकर चालवायचा असेल तर वेगळं तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसन्सवर तशी नोंद लागते, पण पहिल्याच वर्षी टँकरवर जाऊच नकोस. आत लिक्विड हलतं आणि वळणावर गाडी ओढते, ते नव्या माणसाचं काम नाही. लायसन्स हातात आलं तरी लगेच एकटा जाऊ नकोस, एखाद्या जुन्या उस्तादाबरोबर सेकंड ड्रायव्हर म्हणून काही ट्रिपा कर, पैसे कमी मिळाले तरी चालतील.

आता घाट. यावर जास्त लिहितो, कारण पिकअपवाल्या माणसाला याचा अंदाजच नसतो. पिकअपला ब्रेक मारला की थांबते, २८ टनाची दहा चाकी किंवा ३५ टनाची बारा चाकी भरलेली असताना तसं होत नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, तापला की लायनर पकडत नाही, मग तू पाय दाबत राहतोस आणि गाडी पळत राहते. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. बऱ्याच वेळा ब्रेक फेल झालेला नसतो, वरपासून खालपर्यंत ब्रेकवरच गाडी उतरवलेली असते. त्यामुळे उतार सुरू व्हायच्या आधी, वरच, सपाटीला गिअर पाडायचा. जुने लोक सांगायचे की ज्या गिअरमध्ये हा घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरव. आताच्या गाड्यांना ताकद जास्त आहे, वरच्या गिअरमध्ये सुद्धा चढतात, म्हणून मी त्याहून एक गिअर खालीच ठेवतो. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला गेलास आणि पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि मग काही हातात राहत नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडीला मागे धरतो तो) चालू ठेव, इंजिन फिरतं ठेव, तो इंजिन जोरात फिरत असतानाच चांगला धरतो. पायाचा ब्रेक मारायचा तर नीट दाबून स्पीड खाली आण आणि पूर्ण सोड, सारखा घासत ठेवू नकोस. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो, टुकूटुकू मारत राहिलास तर टाकीतली हवा संपते ते वेगळंच, म्हणून एक नजर कायम हवेच्या काट्यावर.

आणि न्यूट्रल. कोणीतरी तुला नक्की सांगेल की उताराला न्यूट्रल कर, डिझेल वाचतं. अजिबात ऐकू नकोस! आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. म्हणजे वाचत तर काहीच नाही आणि जीव जातो. काही जण तर इंजिनच बंद करतात, मग पॉवर स्टिअरिंग गेलं, कॉम्प्रेसर थांबला, हवा भरायची बंद. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तू रोज ऐकतोस ना, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड गाडीने एकामागोमाग कितीतरी गाड्या ठोकल्या आणि पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं की उताराला इंजिन बंद केलेलं होतं. तो उतार बघायला घाटासारखा वाटतही नाही, सरळ रुंद रस्ता, म्हणूनच माणूस फसतो. तसाच इंदूर लाइनला बिजासन घाट उतरून शिरपूरकडे येतानाचा. खाली पळासनेरला जुलै २०२३ मध्ये ब्रेक गेलेला ट्रक गाड्या उडवत हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. कसारा, खंबाटकी, खंडाळा, सगळीकडे नियम एकच. वर थांब, गाडीतून उतरून चाकं बघ, हात जवळ नेऊन ड्रमची गरमी बघ, मग उतर. मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून स्पीड वाढवायचा नाही, वाजवू दे. आणि कधी पकड गेलीच असं वाटलं तर लाइट-हॉर्न चालू ठेवून डोंगराच्या बाजूला घासत ने, दरीच्या बाजूला किंवा पुढच्या गर्दीत नाही.

रोज सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी काढत जा, खाली वॉल्व्ह असतो, पावसाळ्यात तर विसरूच नकोस. आणि टायर टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून बघायचे, जोडीच्या दोन टायरमध्ये दगड अडकलेला असतो तो काढायचा, नाहीतर सुटून मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर जातो. हवा थंड टायरलाच मोजायची, पळून तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काढली की झाला घोटाळा, कमी हवेचा टायर जास्त तापतो आणि फुटतो. जुन्या ट्यूबवाल्या टायरला लॉक रिंग असते, पंक्चरवाला हवा भरत असताना समोर उभा राहू नकोस, बाजूला हो, ती रिंग उडून माणसं गेलीत. चाक बदललं की थोडं अंतर जाऊन थांबून नट परत टाइट कर.

झोप. घरचे ज्याला घाबरतात ते खरं इथेच असतं. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर, या दोन वेळा वाईट. साठच्या स्पीडला गाडी तीन सेकंदात ५० मीटर जाते, आणि डुलकी तीन सेकंदांचीच असते, माणसाला कळत पण नाही की लागली होती. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, मोठ्याने गाणी, याने अर्धा तास ढकलता येतो, झोप जात नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे आले ते आठवत नसेल, गाडी आपोआप पांढऱ्या पट्टीवर जात असेल, तर पुढचा पेट्रोल पंप आला की आत घाल आणि वीस मिनिटं तरी डोळा लाव. समृद्धीवर तर जास्त जप, ७०१ किलोमीटर सरळ रस्ता, सिग्नल नाही, गाव नाही, स्टिअरिंग हलवायची गरज नाही, त्यात डोकं सुन्न होतं, वर उन्हाळ्यात काँक्रीट तापून टायर फुटतात. मी तिथे झोप येवो न येवो, दोन तासांनी उतरून गाडीभोवती चक्कर मारतोच. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यातच दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं ठरवलेलं होतं, लाइनवर कोण पाळत नाही ते सोड, तू पाळ. मध्य प्रदेश-राजस्थान बाजूला ढाब्यावर कोणी डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा), अफू, गोळी देईल, झोप येत नाही म्हणेल. हात लावू नकोस. धरलं तर एनडीपीएसचा, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचा गुन्हा आहे आणि नाही धरलं तरी वर्षभरात माणूस त्याशिवाय गाडीच चालवू शकत नाही, असे चांगले चांगले ड्रायव्हर संपलेले बघितलेत मी.

झोपायचं तर उजेडाच्या पंपावर, जिथे अजून चार गाड्या उभ्या आहेत तिथे. रस्त्याच्या कडेला कधीच नाही, मागून येऊन ठोकतात आणि डिझेल पण काढतात. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवायचा नाही, गॅस कोंडून माणूस झोपेतच जातो. गाडी बंद पडली तर त्रिकोण बराच मागे लाव, आणि दगड-फांद्या ठेवल्या असतील तर निघताना उचल. यावर मला खरंच राग येतो, लोक दगड तसेच रस्त्यात टाकून जातात आणि रात्री बाइकवाला त्यावर मरतो. हायवेचा नंबर १०३३, पोलिसांचा ११२, दोन्ही सेव्ह कर. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली बाजूला धुकं पडलं की गाडी पंपात घाल आणि ऊन येईपर्यंत हलू नकोस, माल उशिरा पोचला तर पोचला.

कागद. आरसी, फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, सगळ्याच्या तारखा तू स्वतः बघ, मालकावर सोडू नकोस, पकडल्यावर गाडीत तू असतोस. ई-वे बिलाला (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे पुणे-दिल्ली साधारण साडेचौदाशे धरलं तर आठ दिवस. त्यावरचा गाडी नंबर तुझ्याच गाडीचा आहे ना बघ, आणि वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा संपल्यावर आठ तासांत वाढवता येते, तेवढ्यात ऑफिसला फोन कर. ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, तीन टन जास्त भरलास तर २६ हजार, शिवाय जादा माल उतरवायला लावतात. पण मला दंडापेक्षा ब्रेकची काळजी वाटते, जादा भरलेली गाडी घाटात कोणाचं ऐकत नाही. वजनकाट्याची पावती काढ, फोटो काढून ठेव. कळंबोलीहून स्टीलची कॉइल भरलीस तर साखळी आणि ठोकळे स्वतः तपास, जोरात ब्रेक लागला की ती कॉइल सरळ केबिनकडे येते. नग मोजता आले नाहीत तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालाच्या पावतीवर) तसं लिहून घे, खाली करताना माल भिजला-फुटला निघाला तर पोहोच पावतीवर काय लिहितायत ते वाचूनच सही कर.

नवीन बीएस-६ गाडी असेल तर यूरिया (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते डीईएफ) पंपावरचा किंवा सीलबंद कॅनचाच घाल, स्वस्तातला ढाब्यावरचा नको. संपला की गाडीची ताकद कमी होते आणि भलत्याच ठिकाणी अडकतोस.

अपघात झालाच, देव न करो, तर कायदा असं सांगतो की जखमीला मदत मिळवून द्यायची आणि पोलीस स्टेशनला लवकरात लवकर, २४ तासांच्या आत कळवायचं. जमाव अंगावर आला तर तिथे थांबायची सक्ती नाही, पण मग सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला जा, गावाकडे पळू नकोस.

आता पैसे. आकडा मी सांगत नाही, गाडी कुठली आणि लाइन कुठली यावर तो ठरतो, पण काय काय ठरवायचं ते सांगतो. पगार महिन्याचा की ट्रिपचा, खुराकी (जेवणाखाण्याचे पैसे) दिवसाला किती, पंक्चर आणि रस्त्यातला किरकोळ खर्च कोणाचा, ॲव्हरेज कमी आलं तर कापणार का आणि भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज किती धरलंय, गाडी पार्टीच्या (माल घेणाऱ्या-देणाऱ्या कंपनीच्या) गेटवर उभी राहिली तर दिवसाचे किती, दिवाळीला सुट्टी कधी. हे सगळं निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घे, तोंडी ठरलेलं हिशोबाच्या दिवशी कोणाला आठवत नाही. आणि गाडीच्या इन्शुरन्समध्ये ड्रायव्हरचं कव्हर घेतलंय का ते पॉलिसी उघडून बघ. स्वतःची पीएमएसबीवाय (प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना) बँकेतून काढ, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, लाइनवर निघायच्या आधीच काढ आणि घरी सांगून ठेव की काढलीय.

हेवी लायसन्स झालं की कुठल्या लाइनचा मालक भेटतोय ते इथेच लिही, बंगलोर किंवा इंदूर बाजू असेल तर रात्री कुठल्या पंपावर गाडी लावायची ते सांगतो.