'वाहक' की 'रोगवाहक'?

प्रश्न : वडोदऱ्यात उपचारांसाठी येणाऱ्या अक्कलकुवा-धडगाव भागातील आदिवासी कुटुंबांसाठी आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी मराठी पत्रक तयार करत आहोत. ज्याच्या रक्तात सिकलसेलचा अंश आहे पण ज्याला आजार नाही, त्याला 'वाहक' म्हणावे की 'रोगवाहक'?

उत्तर : 'रोगवाहक' हा शब्द कृपया वापरू नये. मराठीत तो डास, माशी, पिसू यांच्यासाठी रूढ आहे, त्यामुळे तो वाचणाऱ्याला आपल्यापासून दुसऱ्याला रोग लागतो असेच वाटेल. सिकलसेल स्पर्शाने, उष्ट्याने किंवा डासाने पसरत नाही. तो केवळ आई-वडिलांकडून मुलांकडे येतो.

नुसता 'वाहक'ही निर्धोक नाही. 'वह्' धातूपासून आलेल्या या शब्दात एका जागेचे दुसऱ्या जागी पोचवणे गृहीतच असते. एका तपासणी शिबिरात मी मदतीला बसलो असताना, सुनेच्या अहवालातील हा शब्द ऐकून तिच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की हिचे ताट आणि पेला वेगळा ठेवायचा का. सून काही बोलली नाही. हातातल्या कागदाची घडी ती उलगडत आणि पुन्हा मिटत राहिली.

'धारक' हा पर्याय मला अर्थाने अधिक जवळचा वाटतो, कारण 'शिधापत्रिकाधारक' सर्वांच्या परिचयाचा आहे आणि धारण करण्यात पसरवणे येत नाही. परंतु अहवालांत 'वाहक' रुळला आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेल्याने तो आणखी घरांत पोचत आहे. एकाच गोष्टीला दोन नावे दिली तर गोंधळ वाढेल. म्हणून 'वाहक' ठेवावा, पण लगेच पुढे लिहावे : 'म्हणजे आई किंवा वडिलांकडून सिकलसेलचा एक अंश तुमच्याकडे आला आहे, तुम्ही आजारी नाही आणि तुमच्यापासून कोणालाही काही लागणार नाही.'

शब्दापेक्षा वाक्यरचना अधिक फसवते. 'आई-वडील दोघेही वाहक असल्यास चार मुलांपैकी एकाला आजार होतो' असे लिहिले, तर पहिले मूल आजारी असलेले जोडपे पुढची तिन्ही सुरक्षित समजेल. 'प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते, आधीची मुले कशीही असोत' असे स्पष्ट लिहावे. 'सदोष जनुक' तर नकोच, कारण 'दोष' लग्नाच्या बोलणीत मुलीलाच चिकटतो. 'समुपदेशन' या शब्दात उपदेश ऐकू येतो. निर्णय कुटुंबानेच घ्यायचा असल्याने 'सल्लामसलत' बरा.

पावरी किंवा वसावी बोलणाऱ्या पुष्कळांना मराठी ही शाळेत भेटलेली असते. म्हणून छपाईआधी त्यांच्यातीलच एखाद्या आशाताईंकडून पत्रक मोठ्याने वाचून घ्यावे, आणि जेथे त्या थांबून आपल्या बोलीतला शब्द वापरतील, तेथे तोच शब्द मराठी शब्दाशेजारी छापावा.