दुःखात खचलेल्या विश्वासी भावाला बायबलमधलं कोणतं वचन पाठवावं?

तुमच्या मंडळीतले (चर्चमधले) एक भाऊ पत्नी वारल्यापासून तीन महिने उपासनेला आलेले नाहीत. तुम्ही पाळक (पास्टर) नाही, पण त्यांना धीर द्यायचाय आणि कोणतं वचन पाठवू असं विचारताय. माझं मत विचाराल तर आज वचन पाठवू नका. घरी जा.

हे मी सोसलंय म्हणून सांगते. माझे वडील गेले तेव्हा दोन दिवसांत कितीतरी जणांनी मला रोमकरांस ८:२८ हे वचन पाठवलं. देव सगळं मिळून कल्याणाचंच करतो, यावर माझा तेव्हाही विश्वास होता. पण प्रत्येक वेळी ते वाचून वाटायचं, आता रडले तर अविश्वासी ठरेन. मंडळीतल्या एक मावशी मात्र नुसत्या येऊन बसल्या. वडिलांच्या उशाशी औषधाच्या बाटल्या तशाच होत्या, त्यांना हात लावायला मी धजत नव्हते. "आवरू का?" एवढंच त्यांनी विचारलं. एकेक बाटली पुसून पिशवीत भरली आणि शेवटी औषधाचा चमचा हातात धरून म्हणाल्या, "हा ठेवायचाय?" तेव्हा मी पहिल्यांदा रडले. प्रार्थना त्यांनी निघताना केली, दोन वाक्यांची.

बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बिघडलं ते त्याच्या दुःखाचं कारण त्यालाच समजावायला लागल्यावर. एलीया संदेष्टा मरण मागून झुडुपाखाली झोपला, तेव्हा दूताने त्याला भाकर नि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला सांगितलं. "तू इथे काय करतोस?" हे देवाने विचारलं ते चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचल्यावर.

पाळक नाही म्हणून मागे राहू नका. अल्पधीरांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, हे प्रेषित पौल सगळ्याच बंधुजनांना सांगतो (१ थेस्सलनीकाकरांस ५:१४). बेशिस्तांची कानउघाडणी करा हेही त्याच वचनात आहे, आणि आपली गफलत नेमकी इथे होते. खचलेल्याला आपण बेशिस्त समजतो आणि मंडळीत का येत नाही म्हणून जाब विचारतो.

ते जे बोलतील ते "प्रार्थनेसाठी सांगतोय" म्हणत चार लोकांत नेऊ नका, कळकळीची विनंती आहे. अशाने माणूस कायमचं मन मिटून घेतो. जगायचंच नाही असं काही बोलले तर मात्र गप्प राहू नका. त्यांना एकटं न सोडता घरच्यांना आणि पाळकांना लगेच कळवा, डॉक्टरांकडे न्या.

पुढे कधी त्यांनीच वाचायला सांगितलं तर स्तोत्र ८८ काढा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. माझ्या तोंडून जी प्रार्थना निघत नव्हती ती मला तिथे सापडली.

उपासनेची घाई नको. इतकी वर्षं पत्नी शेजारी असायची, आता ती जागा रिकामी बघत बसायचं, हे त्यांना किती जड जात असेल. "रविवारी या" म्हणण्याऐवजी "मी घ्यायला येऊ का? मागच्या बाकावर बसू, मध्येच उठावंसं वाटलं तर दोघं उठू," असं विचारून बघा. नाही म्हणाले तर पुढच्या आठवड्यात तो विषय न काढता पुन्हा जा.