डायमंडसाठी उरलेल्या १६ रात्री आणि ६०० डॉलरचा फरक

प्रश्न थोडक्यात असा: निवृत्त झालेले एक वाचक दर वर्षी पत्नीसह आठवड्याभराची एक क्रूझ करतात. आजवरच्या सगळ्या सफरी त्यांनी रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर केल्या असून दोघांच्याही खात्यावर प्रत्येकी ६४ गुण जमले आहेत. कंपनीच्या लॉयल्टी योजनेत, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांना गुणांनुसार सवलती देणाऱ्या योजनेत, ८० गुणांना डायमंड पातळी मिळते. यंदा त्याच कंपनीच्या सात रात्रींच्या सफरीत बाल्कनीच्या केबिनसाठी दोघांचे मिळून २,८०० डॉलर पडतात, तर त्याच आठवड्यात, त्याच बंदरातून आणि जवळजवळ त्याच मार्गाने जाणारी दुसऱ्या कंपनीची सफर २,२०० डॉलरना मिळते. ‘इतक्या जवळ येऊन सोडून द्यायचे का?’ असे ते विचारतात. पत्नीच्या गुडघ्यांना त्रास असल्यामुळे जहाजावर चढताना मिळणारे प्राधान्य मोलाचे वाटते, असेही त्यांनी लिहिले आहे. मागच्या सफरीचे बिल त्यांनी सोबत जोडले आहे, हे फार बरे केले.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील ‘इतक्या जवळ येऊन’ हे शब्द मी दोनदा वाचले, कारण आपला सगळा प्रश्न त्यांतच अडकला आहे. ६४ रात्रींचे पैसे खर्च होऊन गेले आहेत; त्या सफरींचा आनंद आपण घेतला आणि त्यांचा हिशोब तिथेच मिटला. आज ठरवायचे आहे ते एवढेच, की येत्या सफरीसाठी ६०० डॉलर जास्त मोजल्यावर त्यांच्या बदल्यात आपल्या हाती नेमके काय पडते. लॉयल्टी योजनेची रचनाच अशी असते, की उरलेले अंतर डोळ्यांसमोर राहते आणि त्यासाठी करावी लागणारी पदरमोड नजरेआड होते.

आधी ते अंतर मोजू. या योजनेत साध्या केबिनमध्ये एका रात्रीला एक गुण मिळतो. म्हणजे सात रात्रींच्या दोन सफरींनंतर आपण ७८ वर पोहोचता आणि दोन गुणांसाठी तिसरी सफर करावी लागते. वर्षाला एक सफर, या आपल्या क्रमाने पाहिले तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस डायमंड हाती येईल आणि त्याचा उपभोग चौथ्या वर्षी सुरू होईल. दर वर्षी भाड्यात इतकाच फरक राहील असे धरले, तर तिथवर पोहोचण्यासाठी आपण १,८०० डॉलर जादा दिलेले असतील. स्वीट, म्हणजे मोठी आणि महागडी केबिन, घेतल्यास गुण दुप्पट मिळतात हे खरे आहे, पण केवळ गुणांसाठी स्वीट घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नऊ रात्रींची एखादी सफर आपल्याला मुळातच करायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता हाती येणाऱ्या वस्तूकडे पाहू. डायमंड पातळीचे सर्वांत ठळक आकर्षण म्हणजे प्रत्येकाला रोज मिळणारी चार मोफत पेये. दोघांची रोजची आठ आणि सात दिवसांची ५६ होतात. एका पेयाची किंमत सरासरी १२ डॉलर धरली तर बेरीज ६७२ डॉलरवर जाते, आणि भाड्यातील फरक एका फटक्यात भरून निघाल्यासारखा दिसतो. कंपनीला आपण अशीच बेरीज करायला हवी असते.

आपले बिल मात्र निराळेच सांगते. मी पेन्सिल घेऊन त्यातील प्रत्येक ओळीवर खूण केली. संपूर्ण आठवड्यात आपण वाइनचे सहा ग्लास घेतले, प्रत्येकी १३ डॉलरचे. सातव्या संध्याकाळी आपण बंदरातच जेवला असाल, कारण त्या दिवशी जहाजावर काहीच घेतलेले दिसत नाही. दोघांनी मिळून ५ डॉलरच्या ११ कॉफ्या घेतल्या. पत्नी मद्य घेत नाहीत. ७८ आणि ५५ मिळून १३३ डॉलर, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे १५७ डॉलर. डायमंडला एका दिवसाचे इंटरनेट मोफत असते, त्याचे २५ धरू. एकूण १८२ डॉलर. ही पातळी आज आपल्याकडे असती, तर त्या सफरीत आपले एवढेच पैसे वाचले असते. उरलेली चाळीसएक पेये आपण विकत घेतलीच नसती; त्यामुळे ती मोफत मिळाल्याने वाचणारे काही नाही. फुकट ते पौष्टिक या न्यायाने ती संपवलीत, तर तो उपभोग होईल, पण त्याला बचत म्हणता येणार नाही.

म्हणजे ध्येय गाठल्यानंतरही दर सफरीत १८२ डॉलरच्या सुविधेसाठी आपण ६०० डॉलर जास्त देत राहाल. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो, मग डायमंडला १६ रात्री उरल्या असोत की दोन. आठ वर्षांचा हिशोब मांडायचा तर जादा भाडे ४,८०० डॉलर होते. चौथ्या ते आठव्या वर्षाच्या पाच सफरींतील ९१० डॉलरचा लाभ वजा केला तरी ३,८९० डॉलर उरतात. दुसऱ्या कंपनीच्या दराने त्यात एक पूर्ण सफर होते आणि दुसरीचा पाऊण खर्चही निघतो. आपल्या सध्याच्या एमराल्ड पातळीवरील किरकोळ लाभ मी मोजलेले नाहीत. भाड्यात काही सूट मिळत असेल तर ती २,८०० च्या आकड्यात आलेलीच आहे.

दोन्ही आकडे खरोखर एकाच मापाने मोजले आहेत का, हे मात्र तपासून घ्या. बहुतेक मोठ्या कंपन्या साध्या केबिनसाठी माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या आसपास टिप आकारतात. दोघांची सात दिवसांची रक्कम २२४ ते २८० डॉलर होते. २,८०० मध्ये ती धरलेली असेल आणि २,२०० मध्ये नसेल, तर खरा फरक ३२० ते ३७६ डॉलरवर येतो. तो १८२ पेक्षा जास्तच आहे, त्यामुळे माझे मत बदलत नाही, पण दोन्ही बाजू बऱ्याच जवळ येतात. बंदर शुल्क, कर आणि इंटरनेट यांचेही तसेच. कंपन्यांची संकेतस्थळे भाडे सांगताना यांतील काय दाखवतात आणि काय शेवटच्या पानावर ठेवतात, यात बराच फरक असतो. पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन दोन्हीकडचा अंतिम आकडा लिहून घ्या आणि मगच तुलना करा.

चौथ्या वर्षी मिळणाऱ्या लाभाला मी आजच्या लाभाइतके वजन देत नाही, याला आणखी एक कारण आहे. या योजनांच्या नियमावलीत लाभ बदलण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे राखलेला असतो, आणि तो हक्क वापरलाही जातो. विमान कंपन्यांनी हा रस्ता आधीच दाखवला आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये सुरू केलेली योजना उडालेल्या मैलांवर चालत होती. पुढे २०१५ मध्ये डेल्टाने मैलांऐवजी तिकिटावर खर्च केलेल्या पैशांवर गुण द्यायला सुरुवात केली आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. क्रूझमध्ये तेच वारे आता वाहू लागले आहे. जून २०२५ मध्ये कार्निवलने जाहीर केले, की आपली योजना २०२६ पासून सफरीच्या दिवसांऐवजी खर्चावर आधारली जाईल आणि पातळी ठरावीक मुदतीत पुन्हा कमवावी लागेल. वर्षानुवर्षे दिवस मोजत आलेल्या प्रवाशांना ते किती झोंबले असेल, याची कल्पना आपल्याला येईल. कंपनीच बंद पडली तर प्रश्नच मिटतो. ब्रिटनमधील क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस जुलै २०२० मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या प्रवाशांच्या साठवलेल्या रात्रींना काही अर्थ उरला नाही. रॉयल कॅरिबियनचे तसे होईल असे मी सुचवत नाही. मात्र लॉयल्टी गुण ही ठेव नाही. ज्यावर व्याज नाही, हमी नाही आणि ज्याचे नियम समोरचा एकटा ठरवतो, त्याला मी नियोजनात मालमत्ता धरत नाही.

यावरून लॉयल्टी कुणालाच परवडत नाही असा अर्थ काढू नये. वर्षातले साठ-सत्तर दिवस जहाजावर घालवणाऱ्यांचे गणित वेगळे असते. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीच्या एलिट पातळीवर, म्हणजे १५ सफरी किंवा १५० दिवसांनंतर, कपड्यांची धुलाई मोफत होते. सात दिवसांच्या सफरीत तिचा फारसा उपयोग नाही, पण महिनाभराच्या सफरीत ती रक्कम चांगलीच भरते. एकट्याने प्रवास करणाऱ्यांना तर पातळीचा लाभ थेट भाड्यात मिळू शकतो. क्रूझचे भाडे केबिनमध्ये दोन माणसे धरून आकारले जाते, त्यामुळे एकट्याला बहुधा दोघांचे भाडे भरावे लागते. आपल्याच कंपनीत ३४० गुण झालेल्या एकट्या प्रवाशाला दुपटीऐवजी दीडपट भाडे पडते. ही सवलत एका सफरीत शेकडो डॉलर वाचवते आणि तिच्यासाठी कंपनीला धरून राहणे मला समजू शकते. आपण दोघे आहात आणि वर्षाला सात रात्री जाता. या गतीने ३४० गुणांना सुमारे ४० वर्षे लागतील.

गुडघ्यांच्या मुद्द्याकडे मी हलक्याने पाहत नाही. परंतु चढताना-उतरताना व्हीलचेअरची किंवा माणसाची मदत कोणत्याही पातळीच्या प्रवाशाला, पहिल्यांदा येणाऱ्यालासुद्धा, आधी कळवल्यास मोठ्या कंपन्या पुरवतात. त्यासाठी आरक्षणानंतर विशेष गरजांचा फॉर्म भरावा लागतो. प्राधान्याची रांग आपल्याला पहिल्या दिवशी अर्धा तास वाचवून देईल. लिफ्टजवळची केबिन मात्र सातही दिवस, दर जेवणाला जाता-येता, उपयोगी पडेल. आजची जहाजे ३०० मीटरहूनही लांब असतात आणि एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाच्या भोजनगृहात जाणे, हीच दुखऱ्या गुडघ्यांची खरी परीक्षा असते.

एक गोष्ट मी हिशोबात मांडू शकत नाही, ती म्हणजे ओळखीच्या जहाजावर मिळणारा निवांतपणा. कुठे काय आहे हे माहीत असते, जेवणाची चव ठाऊक असते, पहिला दिवस शोधाशोधीत जात नाही. याला किंमत आहे, पण ती आपणच ठरवायला हवी. ‘हा निवांतपणा दर सफरीला ४०० डॉलरचा आहे’ असे दोघांनाही मनापासून वाटत असेल, तर खुशाल तिथेच जा आणि डायमंडचे नाव पुढे करू नका. त्यात चूक काही नाही; मीही हॉटेल बदलत नाही.

क्रूझ कंपनीचे शेअर घेऊन सफरीत लाभ मिळवण्याची ‘युक्ती’ आपण पत्राच्या शेवटी विचारली आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. कार्निवल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांच्या मूळ कंपन्यांचे १०० शेअर बाळगणाऱ्यांना सफरीत ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच्या खर्चासाठी वापरता येणारी रक्कम, देण्याची प्रथा आहे आणि शेअर आधीपासून असतील तर ते जरूर मागावे. परंतु वर्षाला एकदा मिळणाऱ्या अशा क्रेडिटसाठी निवृत्तीच्या पैशांतून शेअर घेऊ नयेत. कार्निवलचा शेअर २०२० च्या सुरुवातीला ५० डॉलरच्या आसपास होता, काही महिन्यांत तो १० डॉलरखाली गेला आणि लाभांशही थांबला.

माझा सल्ला असा, की यंदा दुसऱ्या कंपनीची सफर घ्यावी. आपले ६४ गुण त्यामुळे कुठेही जात नाहीत. या योजनेत ते कालबाह्य होत नाहीत. दुसरी कंपनी एमएससी असेल तर एमराल्ड पातळीचा पुरावा दाखवून तिच्याकडे समकक्ष पातळी मागता येते. तीन वर्षे सफर न केल्यास तिथले सदस्यत्व मात्र संपते. यापुढे दर वर्षी दोन्हीकडचे अंतिम भाडे मागवा आणि फरक १५० डॉलरच्या आत असेल तर बेलाशक आपल्या जुन्या कंपनीकडे जा. अशा एक-दोन वर्षांतच डायमंड आपोआप जवळ येईल आणि त्यासाठी वेगळे काही मोजावे लागणार नाही.

आरक्षण करताना परत मिळणाऱ्या अनामतीचा पर्याय निवडा. आठवड्याच्या सफरीची पूर्ण रक्कम साधारणपणे निघण्याच्या ७५ ते ९० दिवस आधी भरावी लागते. तोवर भाडे उतरले तर नव्या दराने आरक्षण बदलून मागता येते. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि तिच्या आठवडाभर आधी दोन्ही कंपन्यांचे दर पुन्हा एकदा पाहा. जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टपासून चार दारांच्या आतली केबिन आताच नक्की करा. केबिन क्रमांक स्वतः निवडण्यासाठी थोडे जास्त पडले, तरी वाचलेल्या ६०० मधून तेवढे अवश्य द्या.